नवी वस्तू घडते कशी? एकटा हुशार माणूस की दहा हात? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायच्या विभागात, माझी ३१ वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये एक जुनं लेथ मशीन, एक ड्रिल आणि वेल्डिंगचा सेट मांडला. दर रविवारी तिथे मुलं येतात. काही आयटीआयची, काही इंजिनीअरिंगची, दोन-तीन अजून शाळेतली. त्यांना सोडायला आलेले आई-वडील दारात थांबून प्रश्न विचारतात, आणि ते प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं लिहून काढली. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

शोध लावणारा माणूस एकटाच असतो ना? पुस्तकात तर एकच नाव असतं.

पुस्तकात एकच नाव असतं, कारण एका मार्काच्या प्रश्नाला एकच नाव पुरतं. किटलीचं झाकण हलताना पाहून जेम्स वॉटला वाफेचं इंजिन सुचलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण वॉट जन्मला १७३६ साली. त्याआधी २४ वर्षं, म्हणजे १७१२ मध्ये, टॉमस न्यूकॉमेन या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने बनवलेलं इंजिन खाणीतलं पाणी उपसू लागलं होतं.

वॉट ग्लासगो विद्यापीठात उपकरणं बनवायचा आणि दुरुस्त करायचा. न्यूकॉमेनच्या इंजिनाचं एक लहान मॉडेल, धड न चालणारं, त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. दर फेऱ्याला तोच सिलिंडर तापवायचा आणि तोच थंड करायचा, त्यात बहुतेक वाफ वाया जाते, हे त्याने ओळखलं. त्याच विद्यापीठात जोसेफ ब्लॅक हे प्राध्यापक सुप्त उष्णतेचा अभ्यास करत होते आणि दोघांचं बोलणं होत असे. १७६५ मध्ये वॉटला वेगळ्या कंडेन्सरची, म्हणजे वाफ सिलिंडरबाहेरच्या दुसऱ्या भांड्यात थंड करायची, युक्ती सुचली. युक्ती त्याचीच, तिचं मोल कमी करायचं कारण नाही.

पण त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं मोठं इंजिन काही नीट चालेना. मी टूलरूमचा माणूस, म्हणून हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. सिलिंडर पुरेसा गोल होत नव्हता. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधून वाफ निसटायची. हा पेच सोडवला जॉन विल्किन्सन या लोखंड कारखानदाराने. त्याने १७७४ मध्ये तोफेची नळी अचूक कोरण्यासाठी यंत्र बनवलं होतं, आणि त्याच धाटणीच्या यंत्रावर वॉटचा सिलिंडर कोरला गेला. वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने लिहून ठेवलं आहे की या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीएवढाही फरक नसतो. आजच्या मुलाला मायक्रोमीटर हातात दिला तर तो या मापाला हसेल, पण त्या शिलिंगाच्या जाडीवर एक अख्खं युग उभं राहिलं. बोल्टनने पैसा लावला, बर्मिंगहॅमचे आपले कारागीर दिले आणि धीर धरला.

दुरुस्तीवाला, प्राध्यापक, तोफा ओतणारा आणि भांडवलवाला. या चौघांतला एकही वजा केला तर ते इंजिन वर्षानुवर्षं लांबणीवर पडलं असतं.

मुलांना रमण विज्ञान केंद्रात नेलं होतं. रामन तरी एकटेच होते ना?

नागपूरकरांना हा प्रश्न पडणारच. गांधीसागरसमोरचं ते केंद्र त्यांच्याच नावाचं आहे, आणि स्वतः रामनही १९१० मध्ये सरकारी नोकरीत बदली होऊन काही काळ आपल्या गावात राहिले होते. ते अर्थखात्यात अधिकारी होते. भौतिकशास्त्र चालायचं कचेरीची वेळ सोडून.

पण ते चालायचं कुठे, तेही पाहा. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार या डॉक्टरांनी १८७६ मध्ये लोकांकडून देणग्या गोळा करून विज्ञानासाठी एक संस्था उभारली होती. रामन १९०७ मध्ये तिथे पोचले तेव्हा प्रयोगशाळा होती, उपकरणं होती, फक्त संशोधन करणारा माणूस नव्हता. आशुतोष डे नावाचे सहायक त्यांच्या हाताशी अनेक वर्षं होते. पुढे १९२३ मध्ये के. आर. रामनाथन या विद्यार्थ्याला द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात एक अंधूक, अनपेक्षित अंश दिसला. द्रवात मळ असेल म्हणून त्यांनी तो पुनःपुन्हा शुद्ध केला, तरी तो अंश जाईना. १९२८ च्या जानेवारीत वेंकटेश्वरन या दुसऱ्या सहकाऱ्याला ग्लिसरीनमध्ये हिरवट प्रकाश दिसला. मग रामन यांनी के. एस. कृष्णन यांना या कामाला बसवलं. कृष्णन यांनी एकामागून एक द्रव तपासले, आणि २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी तो परिणाम, म्हणजे विखुरताना प्रकाशाचा थोडा अंश आपला रंग बदलतो हा रामन परिणाम, पक्का झाला. आपण विज्ञान दिन साजरा करतो तो याच तारखेला.

१९३० चं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. हे काय आहे हे ओळखणारी, पाच वर्षं त्या अंधूक अंशाचा पिच्छा न सोडणारी नजर त्यांची होती. पण मुलांना सांगताना कृष्णन, रामनाथन, वेंकटेश्वरन आणि आशुतोष डे ही चार नावंही सांगा, एवढी माझी विनंती आहे. दोन मिनिटं लागतात.

मग बुद्धिमत्तेला काही किंमतच नाही का?

आहे, आणि मोठी आहे. मशीनपाशी उभा असलेला दहावा माणूस जे पाहत नाही, ते अकरावा पाहतो. हे मी तीस वर्षं डोळ्यांनी बघितलं आहे. माझं म्हणणं इतकंच, की त्या अकराव्याला आधीच्या दहा जणांनी मशीनजवळ आणून सोडलेलं असतं, आणि त्याला जे दिसलं त्याची वस्तू करायला पुढचे दहा लागतात.

एकच शोध दोन ठिकाणी एकाच वेळी कसा लागतो? कुणीतरी चोरलेला असतो का?

क्वचित चोरलेला असतो. बहुतेक वेळा वेळ भरलेली असते. मृगाचा पाऊस पडला की सगळ्यांच्या शेतात एकदमच कोंब दिसतात, तसं.

रामन यांचंच उदाहरण घ्या. त्याच फेब्रुवारीत मॉस्कोमध्ये लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांना स्फटिकांमध्ये हाच परिणाम दिसत होता. टेलिफोनसाठी बेल आणि ग्रे या दोघांचे कागद अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात एकाच दिवशी पोचले, १४ फेब्रुवारी १८७६ ला. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत एडिसन दिव्याच्या तारेवर एकाच सुमारास झगडत होते, आणि पुढे त्या दोघांची इंग्लंडमध्ये एकत्र कंपनी झाली. दोघांनाही आतली हवा नीट काढलेला काचेचा फुगा हवा होता, आणि तो मिळाला स्प्रेंगेल याच्या हवा उपसणाऱ्या पंपामुळे. १९२२ मध्ये ऑगबर्न आणि थॉमस या दोन अमेरिकी अभ्यासकांनी अशा जोडशोधांची यादीच केली. ती १४८ पर्यंत गेली.

सुटे भाग बाजारात आले की ते जोडायची कल्पना अनेकांना सुचते. शोध एकाच असामान्य डोक्यातून पडत असता तर अशी यादी एवढी लांबली नसती.

हे सगळं इंग्लंड-अमेरिकेचं झालं. नागपूरचा काय संबंध?

भरपूर आहे. आणि तो आपल्याच मुलांना माहीत नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रमण केंद्र ज्या तलावाजवळ आहे त्याच शुक्रवारी तलावाच्या बाजूला एम्प्रेस मिल होती. आज तिथे मॉल आहे. जमशेटजी टाटांनी ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. कापडाची गिरणी मुंबईतच हवी असं मानण्याचा तो काळ. त्यांनी नागपूर निवडलं, कारण कापूस इथला, रेल्वे १८६७ मध्ये येऊन पोचलेली आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ. व्यवस्थापक म्हणून आणले बेझनजी दादाभाई मेहता. ते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, कापडधंद्याचा अनुभव नसलेले. त्यांच्या जोडीला जेम्स ब्रूक्सबी हा इंग्रज तंत्रज्ञ. एकाला माणसं आणि मालाची ने-आण कळायची, दुसऱ्याला चाती.

१८८० च्या दशकात या लोकांनी रिंग स्पिंडल, म्हणजे सूत कातायची नव्या धाटणीची चाती, आजमावून पाहिली. रिंगची मूळ कल्पना अमेरिकेतल्या जॉन थॉर्पची, १८२८ ची. इंग्लंडात लँकेशायरचे गिरणीवाले तेव्हा म्यूल या सूत कातायच्या जुन्या यंत्रावर खूश होते, कारण त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले म्यूल चालवणारे कामगार होते. नागपुरात तसे कामगार नव्हते. रिंगवर सूत सलग कातलं जातं आणि ती शिकायला सोपी, म्हणून जिची विलायतेत फारशी गरज भासत नव्हती ती इथे फळली. यात शोध कुणाचा म्हणायचा? थॉर्पचा, टाटांचा, ब्रूक्सबीचा, की नव्या यंत्रावर हात बसवणाऱ्या नागपूरच्या कामगारांचा? शेवटच्यांची नावं कुठे लिहून ठेवलेली नाहीत, हे मला सलतं.

दुसरं उदाहरण नीरीचं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचं. वर्धा रोडवरून जाताना फाटक दिसतं, आत काय चालतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ही संस्था १९५८ ची. पाण्यात फ्लोराईड जास्त असेल तर दात पिवळे पडतात, हाडं वाकतात. आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) नालगोंडा भागात हा त्रास भयंकर होता. नीरीने त्यावर काढलेली पद्धत अशी, की पाण्यात चुना, तुरटी आणि थोडी ब्लीचिंग पावडर ठरावीक प्रमाणात घालायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी गाळून घ्यायचं. तुरटी आपल्या आज्या पाण्यात फिरवत आल्या होत्याच. शास्त्रज्ञांनी शोधलं ते प्रमाण, क्रम आणि त्यामागचं रसायन. ही पद्धत बादलीतही करता येते आणि गावच्या टाकीतही. तिला नाव मिळालं नालगोंडा पद्धत. प्रयोगशाळा नागपूरची, नाव त्रास सोसणाऱ्या गावांचं. मला हे नामकरण फार योग्य वाटतं.

आणि अगदी अलीकडचं सांगायचं तर, वर्धा रोडवर खाली रस्ता, मधे महामार्गाचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो, पूल आणि मेट्रो दोन्ही एकाच रांगेतल्या खांबांवर. ३.१४ किलोमीटर लांबीच्या या पुलाची २०२२ मध्ये गिनीजमध्ये नोंद झाली. महामार्गवाले आणि मेट्रोवाले यांनी आपापले खांब वेगळे उभे केले असते तर त्या रस्त्यावर चालायला जागा उरली नसती.

तुम्ही प्रत्येक मुलाला हापशीची गोष्ट का सांगता?

कारण तिच्यात सगळं आहे.

१९६० च्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या कातळात ड्रिलिंग रिग लावून विंधन विहिरी खोदल्या गेल्या. पाणी लागलं. त्यावर बसवले ओतीव लोखंडाचे हातपंप. त्यांचा मूळ आराखडा परदेशातल्या एका कुटुंबाच्या अंगणासाठी होता, जिथे दिवसाला चार बादल्या निघायच्या. आपल्याकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव त्याच्यावर. दांड्याची खीळ झिजायची, ओतीव लोखंड तडकायचं, पंप बंद. विहीर आहे, पाणी आहे आणि बाया मैलभर चालताहेत. माझ्या लहानपणी आमच्या मामाच्या गावी मी असा मुका पंप पाहिला आहे. मुलं त्याच्या दांड्याला लटकून खेळायची.

दुरुस्तीची सुरुवात मराठवाड्यात झाली. जालन्याच्या मिशनमध्ये काम करणाऱ्या मेकॅनिकांनी ओतीव लोखंड सोडून पोलादाचा पंप जोडला. पुढे सोलापुरात विहिरींचं काम करणाऱ्या ऑस्कर कार्लसन या स्वीडिश मिशनऱ्याने त्याची सुधारित आवृत्ती केली. दांडा एकाच आसावर फिरतो आणि सळईला साखळीने ओढतो, त्यामुळे सळई सरळ वर-खाली होते, बाजूला घासत नाही. मग युनिसेफ, सरकारी यांत्रिकी संशोधन संस्था मेराडो आणि रिचर्डसन अँड क्रुडास हा कारखाना एकत्र बसले. सोलापूरचा पंप समोर ठेवून त्यांनी बंद बेरिंग घातलं, मापं पक्की केली, एका ठिकाणचा भाग दुसरीकडे बसेल असं केलं आणि प्रत्यक्ष खोल विहिरींवर चालवून पाहिलं. १९७७ च्या सुमारास उत्पादन सुरू झालं. नाव ठेवलं इंडिया मार्क २.

त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही. कोणत्याही कारखान्याने मापांप्रमाणे बनवावा आणि तपासून घ्यावा. म्हणून तो लाखोंनी बसला, भारतात आणि आफ्रिकेतही. पुढे गावागावांतून तक्रार आली की वॉशर बदलायचं तर सगळे पाइप उपसावे लागतात, त्यासाठी जीप आणि टोळी लागते. तेव्हा मार्क ३ आला. त्यात पाइप जागेवर ठेवून दट्ट्या वर काढता येतो, आणि गावातल्या बायकाही शिकून दुरुस्ती करू लागल्या.

आता सांगा, हापशीचा शोध कुणी लावला? परीक्षेत विचारला तर या प्रश्नाचं उत्तर कोऱ्या जागेत मावणार नाही.

हे जुगाडच झालं की! जुगाड आणि नवनिर्मिती यात फरक काय?

जालन्याच्या मेकॅनिकांनी केलं ते जुगाड होतं, चांगल्या अर्थाने. हाताशी आहे त्यातून आजची अडचण सोडवणं. मी त्याला कधी नावं ठेवणार नाही, कारण जिथे चटका बसतो तिथेच ते जन्मतं. पण ते करणारा माणूस गावाला गेला की बंद पडतं. ड्रॉइंग निघालं, मापं ठरली, दुसऱ्याने बनवलेला भाग तिसऱ्याच्या पंपात बसला की मग ती वस्तू सगळ्यांची होते. आमच्या शेडमध्ये नियम आहे : चाललं की आधी टाळी वाजवा, मग कागद घ्या आणि मापं लिहा. मुलांना दुसरा भाग आवडत नाही.

दादाजी खोब्रागडे तर एकटेच होते. ना प्रयोगशाळा, ना पदवी.

खरं आहे, आणि त्यांचं नाव घेताना मी हात जोडतो. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. शेत जेमतेम दीड एकर. १९८३ मध्ये पटेल-३ या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते दाणे बाजूला ठेवले, वेगळे पेरले, पुन्हा निवडले, वर्षानुवर्षं. त्यातून बारीक, चवीचा, भरपूर उतारा देणारा तांदूळ मिळाला. त्या काळी एचएमटीचं घड्याळ लोकप्रिय होतं, म्हणून व्यापाऱ्यांनी त्या तांदळाला तेच नाव दिलं. आज नागपुरात कोणत्याही किराणा दुकानात एचएमटी मागा, मिळतो.

ती नजर दादाजींची. शेकडो जण त्याच बांधावरून गेले असतील. पण त्यांच्या हाती आलेलं पटेल-३ जबलपूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेलं होतं. त्यांच्याकडून बियाणं नेऊन पेरणारे शेजारी, गावोगावी ते पोचवणारे शेतकरी, नाव देणारे व्यापारी, हे सगळे नसते तर ते वाण नांदेडच्या बाहेर पडलं नसतं.

एवढ्या लोकांच्या हातून वाण पसरलं, पैसा झाला, आणि दादाजींना मात्र त्यातलं फार थोडं मिळालं. राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते गौरव झाला, पण हलाखी सुटली नाही. ३ जून २०१८ ला ते गेले. सहकार्याच्या गप्पा मारणाऱ्याने, म्हणजे मीही, हा हिशेब विसरू नये. सगळ्यांनी मिळून केलं असं म्हणताना पहिल्या माणसाला पुसून टाकलं जात असेल, तर तो अन्याय आहे.

तुम्ही स्वतः कधी एकट्याने काही केलं का?

केलं, आणि फसलो.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं मी संत्र्याची प्रतवारी करणारं मशीन बनवायला घेतलं. दोन रूळ, सुरुवातीला जवळ आणि पुढे पुढे लांब होत जाणारे. फळ घरंगळत जातं, आपल्या आकाराची फट आली की खाली पडतं. लहान आधी, मोठं शेवटी. ड्रॉइंग माझं, कटिंग माझं, वेल्डिंग माझं. सात महिने मी शेडमध्ये कुणाला येऊ दिलं नाही. कल्पना कुणी उचलेल अशी भीती होती.

काटोलजवळच्या एका पॅकिंग शेडमध्ये ते लावलं. पहिल्या तासात क्रेटच्या क्रेट खराब झाले. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते. आतल्या फोडी आणि साल यांच्यात पोकळी असते, म्हणून तर ते सोलायला इतकं सोपं. रुळांमध्ये ती साल दाबली जायची आणि फाटायची. थोडा लांब राहिलेला देठ शेजारच्या फळात रुतायचा. मी प्रयोग केले होते ते लाकडी चेंडूंवर.

तिथे एक मावशी वीस-बावीस वर्षं फळं निवडत होत्या. त्यांनी माझ्या हातात दोन संत्री दिली, दिसायला हुबेहूब. म्हणाल्या, "भाऊ, हे पोकट आहे अन् हे भरलेलं. डोयानं नाही दिसत, हाताले समजते." मी दाबून पाहिलं. मला काहीच समजलं नाही. त्यांना सेकंदात समजायचं. म्हणजे ज्या कामाला मी फक्त आकार मोजणं समजत होतो, त्यात आकार, वजन, साल, डाग, देठ असं पाच-सहा तपासण्यांचं काम त्यांचे हात एका झेलीत करत होते.

मी पुढचे दोन महिने त्या शेडमध्ये जाऊन बसलो. रूळ काढून टाकले. एका पोराने सायकलची जुनी ट्यूब चिरून पट्ट्याला लावायची कल्पना दिली. मुकादमाने पट्ट्याची उंची ठरवली, कारण दिवसभर वाकून कुणाची कंबर धरते हे त्याला माहीत होतं. शेवटी जे बनलं ते अगदी साधं. एक हळू चालणारा मऊ पट्टा, जो फक्त चुरी, म्हणजे अगदी बारीक फळ, आधी वेगळी काढतो आणि बाकीची फळं निवडणाऱ्यांच्या हातापुढून नेतो. निवड माणूसच करतो. क्रेट उचलायची धावपळ गेली. मशीन आल्यावर कामावरून काढणार का, असं बायांनी विचारलं, तेव्हा मालकाला समोर बसवून बोलणं केलं. कुणालाही काढलं नाही. ते बोलणंही मी आता मशीनच्या कामातच धरतो.

सात महिने लपवून ठेवलेलं ड्रॉइंग अजून माझ्याकडे आहे. त्यातला एकही भाग त्या पट्ट्यात नाही.

जास्त माणसं आली की गोंधळच होतो. समितीने कधी काही शोधलंय का?

आक्षेप रास्त आहे. वीस जणांना खोलीत कोंडून चहा-बिस्किटं दिली की कल्पना येत नाहीत. एकाच कॉलेजची, एकाच वर्गातली, एकच पुस्तक वाचलेली दहा मुलं एकत्र केली तर मला एकाच मुलाची दहा उत्तरं मिळतात. वेगळं जाणणारी चार माणसं पुरतात.

पेनिसिलिन बघा. अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ मध्ये बुरशीभोवतीचे जंतू मेलेले दिसले. त्याने १९२९ मध्ये ते छापलं, पण त्याचं औषध करता येईना. दहा वर्षांनी ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि नॉर्मन हीटली यांनी ते पुन्हा हातात घेतलं. फ्लोरी वैद्यकातला, चेन रसायनातला आणि हीटली हातांचा जादूगार. युद्धाचे दिवस होते, काही मिळत नव्हतं. हीटलीने बुरशी वाढवायला रुग्णांची शौचपात्रं वापरली, मग त्याच घाटाची चिनीमातीची भांडी कुंभारांकडून करून घेतली. २५ मे १९४० ला आठ उंदरांना प्राणघातक जंतू टोचले आणि त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. हीटली रात्रभर बसून राहिला. पहाटेपर्यंत बाकीचे चार मेले, औषध दिलेले चार जगले. बुरशीच्या भांड्यांची निगा राखायला सहा मुली होत्या. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. हीटलीला ऑक्सफर्डने मानद डॉक्टरेट दिली ती १९९० मध्ये.

मग श्रेय कुणाला द्यायचं? पेटंटवर किती नावं घालता येतात?

ज्यांनी खरोखर कल्पनेत भर घातली त्या सगळ्यांची नावं शोधक म्हणून देता येतात. मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं. एक सावधगिरी : अर्ज करण्याआधी सगळं जाहीर करून टाकलं तर ते नवं राहत नाही आणि हक्क अडचणीत येतो. त्यामुळे बोला, पण आधी तारीख घालून लिहून ठेवा.

कायद्याच्या पलीकडचं श्रेय जास्त अवघड आहे. जयपूर फूट, म्हणजे पाय गमावलेल्यांसाठीचा कृत्रिम पाय, म्हटलं की डॉ. प्रमोद करण सेठी यांचं नाव येतं, आणि ते यायलाच हवं. पण रबराचा तो पाय घडवणारे रामचंद्र शर्मा हे कारागीर होते, शिक्षण अगदी कमी झालेले. उकिडवं बसता येईल, चिखलात अनवाणी चालता येईल असा पाय हवा, ही गरज डॉक्टरांनी आणि रुग्णांनी सांगितली. रबर कसं घडवायचं हे शर्मांच्या हातांना माहीत होतं. आमच्या शेडमध्ये एक वही आहे. प्रत्येक कामापुढे नावं लिहायची, आणि नावापुढे त्याने नेमकं काय केलं ते. "मदत केली" असं लिहिलेलं चालत नाही.

माझी मुलगी एकटीच बसून काम करते. तिला गटात घालू का?

जबरदस्तीने नको. विचार करायला एकांत लागतोच, वॉटलाही लागला होता. तिला बसू द्या. फक्त आठवड्यातून एकदा तिने केलेलं काम ते वापरणाऱ्या कुणाच्या तरी हातात जावं, एवढं बघा. आमच्याकडे एक अशीच मुलगी येते. तिने आजीसाठी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायची चिमटी केली. आजीने ती उलटी धरली आणि तशीच जास्त सोयीची निघाली. मुलीने दुसऱ्या रविवारी दांडा फिरवून आणला.

पहिल्या रविवारी येताना काय आणायचं?

घरातली एक बिघडलेली वस्तू आणा. मिक्सर, कुलूप, शिवणयंत्राचं पायडल, काहीही चालेल. आणि जमलं तर ती वस्तू रोज वापरणारं माणूसही सोबत आणा. मुलांच्या बाकाशेजारी दोन खुर्च्या त्यासाठीच ठेवल्या आहेत. सकाळी साडेआठला शेड उघडते. उन्हाळ्यात सातला.